नऊ नंबरकडून एक नंबरकडे

१

सकाळची भांडी आवरली, दोन बादल्या कपडे वाळत घातले, की अकराच्या सुमाराला मी समोरच्या दारात जाते आणि एक वाजेपर्यंत जनावरं निवडते. तांदूळ निवडावेत तशी. हे ऐकून माझ्या धाकट्या जावेने मला ताप वगैरे नाही ना, असं विचारलं होतं. पण काम खरंच तसंच आहे.

समोर राहतं ते जोडपं तिशीतलं. नवरा लोकांना आडवाटेच्या सहलींना नेतो, म्हणून मी त्याला वाटाड्या म्हणते. बायकोच्या गळ्यात आंघोळीची वेळ सोडली तर कायम दुर्बीण, म्हणून ती दुर्बीण. दोघांनी ही नावं हसून मान्य केली आहेत. आपल्या देशात बर्फ आहे, वाळू आहे, भरदुपारी दिवा लावावा लागेल असं रान आहे, आणि लोक मात्र त्याच चार जागी जाऊन त्याच कठड्याला टेकून फोटो काढतात, हे वाटाड्याचं आवडतं भाषण. मला ते पाठ आहे. तरी दर वेळी ऐकताना माझ्या पायांना मुंग्या येतात, कारण आयुष्यात मी माहेर, सासर आणि दवाखाना सोडून फारसं कुठे गेलेली नाही.

मी चौकस आहे. इमारतीतले लोक याला दुसरा शब्द वापरतात. समोरच्यांकडे मागच्या वर्षी एक मोठं खोकं आलं आणि त्यात काय आहे हे कळेपर्यंत मला अन्न गोड लागेना, म्हणून साखर मागायच्या निमित्ताने आत गेले. झाडाच्या सालीच्या रंगाच्या नऊ डब्या निघाल्या. हे कॅमेरे रानातल्या वाटेवर खोडांना बांधून ठेवायचे. समोरून ऊब असलेलं काही हललं की ते आपोआप तीन फोटो काढतात आणि खाली वेळ छापतात. दर पंधरा दिवसांनी तिकडचा माणूस आतली कार्डं पाठवून देतो. हजारो फोटो असतात. त्यातून जनावरं एका बाजूला, माणसं दुसऱ्या बाजूला आणि रिकामे फोटो पुसून टाकायचे. रिकामे फार निघतात. उन्हाने तापलेलं पान वाऱ्याने हललं तरी कॅमेरा फसतो.

दुर्बिणीला हे काम कंटाळवाणं वाटायचं. मला तर लोकांच्या घरात डोकवायचा परवानाच मिळाल्यासारखं झालं. अस्वल पाठ खाजवताना कसला चेहरा करतं, साळिंदराची नवराबायको एकामागे एक कशी रुसून चालतात, सगळं मला ठाऊक. एका रानडुकरिणीच्या सहा पिल्लांतलं एक कायम मागे राहतं, त्याची मला घरच्यासारखी काळजी लागून राहिली होती.

२

खटकलं ते त्या डुकरिणीच्याच बाबतीत. पाच नंबरच्या कॅमेऱ्यात ती आणि तिची पिल्लं वाट सोडून डाव्या हाताला ओळीने उभी होती. चरत नव्हती, पळत नव्हती. माना खाली, तोंडं वाटेकडे. अरुंद जिन्यातून स्ट्रेचर खाली नेत असताना आपण भिंतीला चिकटून उभे राहतो ना, तशी. तिन्ही फोटोंत वाट मोकळी.

गंमत वाटली, पुढे गेले. मग चार नंबरमध्ये भेकर तसंच दिसलं, नऊ नंबरमध्ये अस्वल. सहा नंबरमध्ये एक बिबट्या दिसला, आणि बिबट्यासारखा बिबट्या खाली मान घालून डाव्या हाताला उभा होता. माझा हात थांबला.

मी त्या जनावरांच्या वेळा एका पाठकोऱ्या कागदावर लिहून काढल्या. वाटाड्याने कॅमेऱ्यांना नंबर दिलेत ते मुक्कामाच्या बंगल्यापासून. एक नंबर बंगल्यामागे, नऊ नंबर आत पाणवठ्यावर. मधलं अंतर प्रत्येकी अर्धा किलोमीटर. कागद घेऊन मी घरी गेले आणि आमच्या ह्यांच्या पुढ्यात ठेवला.

हे बत्तीस वर्षं बस चालवत होते. लांब पल्ल्याची. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं आणि त्या वर्षात ते खिडकीजवळच्या खुर्चीत असे बसून राहिले होते की मी झाडताना खुर्चीसकट त्यांच्याखालूनही झाडू फिरवत असे. जेवायला हाक मारली की येत, औषध दिलं की घेत. माणूस समोर दिसे आणि घरात नसे. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, बाहेर पडा. हे म्हणाले, कुठे जाऊ, माझी वाट बघणारे प्रवासी आहेत का कुठे. त्यांना पुन्हा हलतं बोलतं करायचं, एवढी एकच गोष्ट मी त्या वर्षभर मनाशी धरून होते. बाकी सगळी चौकशी वरवरची.

कागद बघून त्यांच्या डोळ्यांत वर्षाने पहिल्यांदा चमक आली. नऊ नंबरला तीन वाजून वीस, सहाला तीन छप्पन्न, पाचला चार आठ, चारला चार वीस. दर टप्प्याला बारा मिनिटं. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, ताशी अडीच किलोमीटर, कुठेही न थांबता, न घाई करता. जनावर असं चालत नाही. जनावर थबकतं, हुंगतं, वळतं. ही वेळापत्रकाची गाडी आहे.

मला हसू आलं. हसताना अंगावर काटाही आला, पण मी हसणंच धरून ठेवलं, कारण हे खुर्चीतून उठून माझ्याबरोबर समोरच्या दारात निघाले होते.

३

त्या दिवसापासून आम्ही दोघंही अकरा वाजता समोर. दुर्बीण चहा करायची, मी फोटो पुढे सरकवायची, हे वेळा लिहायचे. रिकामे फोटो पुसायचं मी बंद केलं, आणि मग कळलं की आजवर काय पुसत होते. वाट सोडून उभ्या असलेल्या जनावरांच्या जरा पुढे किंवा जरा मागे, बारा बारा मिनिटांच्या त्याच माळेत, प्रत्येक कॅमेऱ्याने तीन रिकामे फोटो काढले होते. जनावर नसलं तरी. पाऊस असला तरी. रोज.

वाटाड्याला सांगितलं तेव्हा तो खुर्चीवरच उभा राहिला. एवढा आनंद. त्याच्या मते एखादं बुजरं मोठं जनावर असणार, कॅमेऱ्याला जाग यायच्या आत निघून जात असणार. दुर्बिणीने डोकं चालवून विचारलं की नऊच्या नऊ कॅमेरे रोज कसे चुकतील. तो म्हणाला, तेच तर बघायचं. त्या वाटेवर अजून एकही पाहुणा नेला नव्हता. पहिली सहल पुढच्याच महिन्यात ठरत होती आणि त्याने पत्रकात एक ओळ वाढवली: दुपारी चार वाजता, अनोळखी भेट.

मीही स्वतःची समजूत घातली. मी काही फार शिकलेली नाही. नववीपर्यंतच. कॅमेऱ्याचं यंत्र कसं चालतं हे मला काय ठाऊक, उष्णतेचा काही खेळ असेल, दुपारच्या उन्हाची सावली पुढे सरकत असेल. ही समजूत दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी ह्यांनी जेवताना घास हातात धरून एक गोष्ट विचारली.

“नऊकडून एककडे रोज येतंय. एककडून नऊकडे एकदाही गेलेलं नाही. अगं, फेरी आहे तर परतीची फेरी कुठाय?”

मी म्हटलं, दुसऱ्या वाटेने जात असेल. ते म्हणाले, असेल. आणि चक्क दुसरी पोळी मागून घेतली. वर्षात पहिल्यांदा.

म्हणून मी त्यांना जाऊ नका म्हटलं नाही. हे आधी लिहून ठेवते. मला ते खटकलं होतं आणि तरी मी म्हटलं नाही. मी फक्त एवढंच म्हटलं की मी पण येणार.

४

निघायच्या आधीचे आठ दिवस लग्नघरासारखे गेले. हे बाजारात जाऊन जाड तळव्याचे बूट घेऊन आले आणि ते घालून घरात फिरून बघायला लागले, खालच्या मजल्यावरची म्हातारी काठीने छत ठोके तोवर. मी नकाशा पाठ केला. आमच्याबरोबर आणखी दोघंच पाहुणे होते, एक दाताचे डॉक्टर आणि त्यांची थोरली बहीण. बहीण पंचाहत्तरीची, पण चढावर भावाला मागे टाकणारी. गाडीत त्यांनी आम्हाला इतकं हसवलं की घाटात मी माझी मळमळ विसरून गेले.

रस्ता संपला तिथे बंगला. वनखात्याच्या जुन्या काळचा, दगडी, एक मोठी खोली आणि दोन्ही बाजूंना झोपायच्या दोन लहान खोल्या. तिथे सगळं बघणारा माणूस पन्नाशीचा, माग काढण्यात पटाईत, सगळे त्याला मामा म्हणत. कॅमेऱ्यांची कार्डं पाठवायचा तो हाच. मामा बोलायला मोजका. पण चिखलातल्या एका ओरखड्यावरून त्याने अस्वल सकाळी गेलं, पोट भरलेलं होतं आणि उजव्या पायाने किंचित लंगडत होतं, असं सांगितलं तेव्हा मला त्याच्या पायाच पडावंसं वाटलं.

मी बॅग उघडायच्या आधी घर बघून घेते, ती माझी खोड. मोठ्या खोलीत टेबल, खुर्च्या, कपाट, सगळं सामान एकाच भिंतीला लावलेलं. नीटनेटकं, पण विचित्र. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत मधला पट्टा मोकळा. वाकून बघितलं तर तिथली फरशी झिजून खोलगट झालेली, वापरातल्या जिन्याच्या पायरीसारखी. एक हातभर रुंद पट्टा, सरळ रेषेत. मी उत्साहाने मागच्या दारापासून त्यावरून चालत पुढच्या दाराशी आले. पुढच्या दाराचा उंबरा मात्र कोरा करकरीत. त्याची एक कडाही झिजलेली नव्हती.

मामा मागे उभा होता. इतका वेळ कुठे होता कोण जाणे. मी विचारलं की येणारेजाणारे मागच्याच दाराने येतात वाटतं. तो म्हणाला, येतात. मग मी सामान मधे का नाही ठेवत म्हणून विचारलं. तो म्हणाला, सवय. आणि आणखी एक पाहिलं मी. तो बोलत होता तेवढा वेळ त्या पट्ट्याच्या कडेला उभा होता, आणि माझ्याकडे यायला त्याने टेबलाला वळसा घातला.

५

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता निघालो. काय सांगू त्या दुपारचं. पहिल्या शंभर पावलांत दुर्बिणीने मला निळ्या शेपटीचं असं पाखरू दाखवलं की मी तोंडावर हात दाबून धरला. फोटोतली झाडं खरी उभी होती. चार नंबरचा वाकडा बुंधा बघून मला शाळेतली मैत्रीण भेटल्यासारखं झालं. डॉक्टरांची बहीण दर थांब्याला शेंगदाणे वाटत होती. हे सगळ्यांच्या पुढे, वाटेच्या मधून, हात मागे बांधून. तो माणूस माझा होता. बत्तीस वर्षांपूर्वी बसच्या दारातून मला हात देऊन वर घेतलेला.

मामा वाटेवरून चालतच नव्हता. डाव्या हाताच्या गवतातून, आमच्या बरोबरीने. मी पाहिलं की तिथे गवतात पायाने पडलेली वेगळी बारीक वाट आहे, मुख्य वाटेला धरून, पण तिला कुठेही न शिवणारी.

पाच नंबरला पोहोचलो तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवलं. समोरच्या वळणावर सांबरांचा कळप होता, दहा-बारा तरी. इतक्या जवळ की त्यांच्या नाकपुड्यांवरचा ओलावा दिसत होता. माझं काळीज उड्या मारत होतं. आणि मग कुणी हाकलल्याशिवाय, कुणी दचकल्याशिवाय, ती सगळी जनावरं वाट सोडून डाव्या हाताला झाली. एकामागे एक. माना खाली घातल्या.

पक्षी थांबले होते. ते कधी थांबले हे मला कळलं नव्हतं.

दुर्बीण हसून कुजबुजली की आपणही वाट देऊया. डॉक्टर सरकले, त्यांची बहीण सरकली, वाटाड्या कॅमेरा सावरत सरकला. मी गवतात उभी होते. सरकायचं मी ठरवलं नव्हतं. पायांनी ठरवलं.

हे वाटेच्या मधोमध उभे होते.

“काका, बाजूला या,” मामा म्हणाला. एकदाच, हळू.

हे वळून आमच्याकडे बघून हसले. “बत्तीस वर्षं समोरचाच सरकलाय. आता या वयात काय मी गवतात उतरू?”

मामाने दुसऱ्यांदा म्हटलं नाही. त्याने तोंड फिरवलं आणि मान खाली घातली.

मी सांबरांकडे बघत होते. त्यांच्या माना खाली होत्या, पण डोळे हलत होते. वाटेवरून काहीतरी चालत येत असल्यासारखे, बारा जनावरांचे डोळे एकाच संथ गतीने आमच्या दिशेने सरकत आले. वळणापासून मोठ्या दगडापर्यंत. दगडापासून त्या वाकलेल्या वेलीपर्यंत. वेलीपासून ह्यांच्यापर्यंत.

आणि तिथे थांबले. पुढे गेलेच नाहीत.

ऊन होतं. ह्यांची सावली त्यांच्या पायाशी पडलेली होती, तशीच पडलेली होती. काहीही झालं नाही. ह्यांनी एक खोल श्वास घेतला, जड पोतं खांद्यावर नीट बसवताना माणूस घेतो तसा, आणि म्हणाले, चला. बंगल्याकडे तोंड करून चालायला लागले.

आम्हाला आनंदाने वेड लागायचं बाकी होतं. पाच पावलांवर सांबरं. परतीच्या सबंध वाटेवर मी ह्यांच्या शेजारून चालत होते, त्यांच्या कोपराला धरून, बडबडत. जावेला कसं सांगायचं ते ठरवत होते. हे हसत होते. हे मला लख्ख आठवतं, कुणी काही म्हणो.

बंगल्यात हे मागच्या दाराने शिरले आणि सरळ पुढच्या दाराशी जाऊन उभे राहिले, उंबऱ्याच्या आत, बाहेरच्या रस्त्याकडे बघत. मी म्हटलं, अहो, बूट तरी काढा. सकाळी गाडी आली तेव्हा उंबरा ओलांडणारे ते पहिले. मामा ओसरीवरून खाली जमिनीवर उतरला होता आणि खाली मान घालून उभा होता. केवढा मान देतो हा माणूस, असं मला वाटलं.

६

सहल गाजली. वाटाड्याच्या पुढच्या चार तारखा भरल्या. आणि आमचे हे तर पार बदलले. खुर्ची सुटली. रोज दुपारी चालायला बाहेर पडतात, दीड तासाने परत येतात, ना कधी लवकर ना कधी उशिरा. जेवण चांगलं, झोप चांगली. शेजारपाजारचे मला विचारतात की कसलं औषध दिलं. मीही आठवडाभर हवेत होते.

मग त्या पंधरवड्याची कार्डं आली.

मी आधी आमच्याच तारखेचं कार्ड लावलं. म्हटलं, आपले फोटो बघू. पाच नंबर, चार आठ. हे मधोमध, हसताना. आम्ही गवतात. छान आला होता. चार नंबर, चार वीस.

वाटेवर हे एकटे चालत होते.

बाकीचे आम्ही डाव्या हाताला होतो. मामा, डॉक्टर, त्यांची बहीण, वाटाड्या, दुर्बीण आणि मी. वाट सोडून, ओळीने, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, माना खाली. हात लोंबते. माझ्या ओढणीचं टोक काट्याला अडकलं होतं आणि मी ते सोडवत नव्हते. माझा चेहरा मी आरशात रोज बघते. तो असा मी कधी बघितलेला नाही. त्या डुकरिणीचा होता तसा होता.

तीन नंबर, चार बत्तीस. तसंच. दोन नंबर, चार चव्वेचाळीस. तसंच. तीन तीन फोटो.

मी दुर्बिणीला हाक मारली. तिने सगळे फोटो पुन्हा पुढेमागे सरकवून बघितले. तिला आठवत होतं की परत येताना ती डॉक्टरांच्या बहिणीला पाखरांची नावं सांगत होती. मला आठवत होतं की माझ्या हातात ह्यांचं कोपर होतं. आम्ही दोघींनी एकमेकींना हे दोनदा सांगितलं, शपथेवर. मग ती उठली आणि उगाच खिडकी लावून आली.

त्या तारखेनंतरचे फोटो मी तिच्या पाठीमागे बघितले. नऊच्या नऊ कॅमेरे. डुकरीण वाटेच्या मधोमध लोळत होती, पिल्लं तिच्यावर चढत होती. सहाही. चार आठला पाच नंबर शांत. त्या माळेतला रिकामा फोटो एकही नाही. तिकडून आता काही येत नव्हतं.

७

आमच्या घरात पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत बोळ आहे. दोन माणसं समोरासमोर आली की खांद्याला खांदा घासल्याशिवाय जाताच येत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून आमची तिथे टक्कर होते. हे मुद्दाम अडवायचे, मी मुद्दाम कोपर मारायची. ओरडायची मी, पण त्या बोळामुळे आमचे रुसवे कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकले नाहीत.

रानातून आल्यापासून ह्यांचा खांदा मला एकदाही लागलेला नाही. हे माझ्या लक्षात आलं ते त्या फोटोंनंतर.

दुर्बिणीकडून एक कॅमेरा मागून आणला, उंदीर झालेत म्हणून सांगितलं. तो बोळाच्या टोकाला खुंटीला टांगला. मी ठरवलं की हे फिरून आले की चहाचा कप घेऊन समोर जायचं आणि सरकायचं नाही. तसंच केलं. चहा हातात दिला, काही बोललेही, ते हसले. कार्ड काढून बघितलं. पहिल्या फोटोत मी भिंतीला पाठ लावून उभी, मान खाली, हातात कप. हे मधून जाताना. मग बोळ मोकळा आणि मी तशीच. शेवटच्या फोटोतही तशीच, कपातली वाफ संपलेली. पहिल्या आणि शेवटच्या फोटोत अकरा मिनिटांचं अंतर होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलंच. मी तुम्हाला बोळात दिसते का, मी वाट अडवते का. हे खिडकीत उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा क्षणभर, देवाशपथ, तो माझा माणूस होता, खूप लांबच्या थांब्यावर उभा असल्यासारखा.

“कुणी अडवतच नाही गं,” ते म्हणाले. “थांबायचं कसं?”

आणि मग पुन्हा छान हसले आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं.

मी रात्रभर विचार केला. मी शिकलेली नसले तरी बाई आहे, घर लावता येतं मला. आज जेवणं झाल्यावर हे फिरायला गेले आणि मी कामाला लागले. बोळाच्या एका अंगाला लोखंडी ट्रंक, तिच्यावर गाद्यांची वळकटी. तिला लागून त्याच अंगाला तांदळाचं पिंप, शिवणाचं मशीन, समोरून मागून आणलेल्या वाटाड्याच्या तंबूंच्या दोन बॅगा, वर दुर्बिणीचे बूट. छातीएवढी रास, दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, दुसऱ्या भिंतीशी फक्त एका माणसापुरती फट. स्वयंपाकघराचं दार मी बाहेरून लावून घेतलं आणि किल्ली समोर दुर्बिणीकडे देऊन आले. माझे पाय काय ठरवायचं ते ठरवोत. आज सरकायला जागाच ठेवलेली नाही.

आता त्या फटीत उभी राहून पिंपाच्या झाकणावर हे लिहिते आहे. छाती धडधडतेय, सहलीच्या आदल्या दिवशी धडधडत होती तशीच. खोटं कशाला बोलू, भीतीइतकीच हुरहुरही आहे. फार दिवसांनी खांदा लागेल.

चार वाजून चोपन्न झालेत. ही वेळ इमारतीच्या जिन्यावर गर्दीची. शाळेतून आलेली पोरं, भाजी घेऊन गप्पा छाटणाऱ्या बायका, खालच्या म्हातारीची काठी. सगळं मला इथे ऐकू येतं.

तळमजल्यावरचा आवाज आत्ताच थांबला. कुणी ओरडलं नाही, पळालं नाही. नुसता थांबला.

आता पहिल्या मजल्यावरचा.

बूट वाजतायत. घाई नाही. आमचा मजला तिसरा. मी वही पिंपावर ठेवते, मला दोन्ही हात मोकळे हवेत.